अवकाश संशोधनाचा खर्च पुढे कोण करणार, सरकार की खाजगी कंपन्या?

प्रश्न असा आहे की आता रॉकेट खाजगी, अंतराळवीरांची कॅप्सूल खाजगी, चंद्रावर उतरणारी यानंसुद्धा खाजगी, मग पुढच्या वीस-तीस वर्षांत सरकारी अवकाश संस्थांना काम काय उरणार आणि लोकांच्या टॅक्सचा पैसा यात घालायची गरज तरी आहे का. मी यानांच्या टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काम करतोय, सरकारी मिशनचं हार्डवेअरही हाताखालून गेलंय आणि खाजगी कंपन्यांचंही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोंधळ दूर करू. खाजगी कंपनीने केलं म्हणजे खाजगी पैशाने केलं असं नसतं. बातम्यांमध्ये या दोन्हीची सरसकट सरमिसळ होते आणि मग "सरकार कशाला हवं" हा प्रश्न निघतो. स्पेसएक्सचंच बघा. त्यांच्या फाल्कन १ रॉकेटची पहिली तिन्ही उड्डाणं फेल गेली, चौथं सप्टेंबर २००८ मध्ये जमलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नासाने त्यांना स्पेस स्टेशनवर सामान पोचवायचं १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं, १२ फेऱ्यांचं. तोवर या कंपनीने कक्षेत एकदाच काहीतरी पोचवलेलं होतं आणि तेही नुसतं डमी वजन! कंपनी तेव्हा दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर होती हे तिचा संस्थापक एलॉन मस्कने स्वतः अनेकदा सांगितलंय. म्हणजे जिला आपण खाजगी अवकाश क्षेत्राचं सगळ्यात मोठं यश म्हणतो ती कंपनी तगली त्यात सरकारी ग्राहकाचा वाटा फार मोठा आहे.

पण म्हणून "सगळा सरकारचाच पैसा, कंपन्यांचं काय कौतुक" असं म्हणणारेही चुकतात, कारण पैसा कसा दिला यात खरी गंमत आहे. जुनी पद्धत कॉस्ट-प्लसची, म्हणजे कंपनीचा जो काय खर्च होईल तो सरकार देणार आणि वर ठरलेला नफा, मग काम लांबलं तरी कंपनीचं काही बिघडत नाही, उलट बरंच असतं. २००६ मध्ये नासाने सामान वाहतुकीसाठी वेगळा प्रयोग केला. टप्पे ठरवले, टप्पा पूर्ण केला तर पैसे, नाही केला तर शून्य, आणि कंपनीने स्वतःचाही पैसा घालायचा. पहिल्या दोन कंपन्यांपैकी रॉकेटप्लेन किस्लरला बाजारातून आपल्या वाट्याचे पैसे उभे करता आले नाहीत, तर २००७ मध्ये नासाने तिला सरळ बाहेर काढलं आणि उरलेल्या पैशात २००८ मध्ये ऑर्बिटल सायन्सेसला आत घेतलं. हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारी कार्यक्रमात एखाद्याला वेळेत थांबवणं किती अवघड असतं हे आत काम केलेल्यालाच कळेल. पुढे २०११ मध्ये नासाने हिशोब मांडला की जुन्या पद्धतीने फाल्कन ९ बनवलं असतं तर किती लागले असते, तर उत्तर आलं जवळपास ४ अब्ज डॉलर. प्रत्यक्षात कंपनीचा खर्च झाला होता ३० कोटी डॉलरच्या आसपास. याउलट जुन्याच पद्धतीने बनलेल्या नासाच्या एसएलएस रॉकेट आणि ओरायन कॅप्सूलच्या पहिल्या चार उड्डाणांचा खर्च नासाच्याच महानिरीक्षकांनी दर उड्डाणाला ४.१ अब्ज डॉलर असा काढला.

त्यामुळे वाहतुकीच्या बाबतीत वाद संपलाय असं माझं स्पष्ट मत आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत माल नेणं, माणसं नेणं, उपग्रह सोडणं हे खाजगी कंपन्यांनीच करावं, सरकारी संस्थांनी तिथे स्वतःची रॉकेटं बनवत बसू नये. ज्या देशांना लष्करी कारणासाठी स्वतःचं रॉकेट हवं असतं त्यांचं गणित वेगळं, ते सोडून द्या.

अडचण पुढे सुरू होते. फिक्स्ड प्राइस करार, म्हणजे आधीच ठरलेल्या रकमेचा, तेव्हाच चालतो जेव्हा काय बनवायचंय हे दोन्ही बाजूंना नीट माहिती असतं. २०१४ मध्ये अंतराळवीर नेण्यासाठी बोइंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलर मिळाले. स्पेसएक्सचं ड्रॅगन मे २०२० मध्ये माणसं घेऊन गेलं. बोइंगचं स्टारलायनर जून २०२४ मध्ये दोन अंतराळवीरांना घेऊन गेलं खरं, पण हेलियमची गळती आणि थ्रस्टरचा (यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनांचा) त्रास यामुळे ते रिकामंच परत आणलं आणि ते दोघं मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून आले, आठवड्याभराच्या कामाला गेलेली माणसं नऊ महिने तिथे. बोइंगचं यात २ अब्ज डॉलरच्या वर नुकसान झालं आणि ते कंपनीनेच सोसलं, टॅक्स भरणाऱ्यांवर नाही आलं, हा या कराराचा फायदा. तोटा असा की हात पोळलेल्या कंपन्या आता अवघड कामाची फिक्स्ड बोली लावायला कचरतात. नवे स्पेससूट बनवायला २०२२ मध्ये दोन कंपन्या निवडल्या होत्या, त्यातली कॉलिन्स २०२४ मध्ये मागे सरली आणि उरली एकटी अ‍ॅक्सियम. एकच विक्रेता उरला की स्पर्धेचा सगळा मुद्दाच संपतो, आणि मक्तेदारी सरकारी असो की खाजगी, किंमत वाढायची ती वाढतेच.

आता चंद्रावरच्या खाजगी लँडरबद्दल, कारण इथे माझ्या रोजच्या कामाचा संबंध येतो. नासाने २०१८ पासून एक योजना चालवलीय, लँडर कंपनीचा, नासा फक्त आपली उपकरणं पोचवायचं भाडं देणार. जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅस्ट्रोबॉटिकचं पेरेग्रिन इंधन गळतीमुळे चंद्रापर्यंत गेलंच नाही. फेब्रुवारीत इंट्युटिव्ह मशीन्सचं ओडिसियस उतरलं पण कलंडलं. त्याचे उंची मोजणारे लेझर चाललेच नाहीत, का तर जमिनीवर असताना त्यांचा सेफ्टी स्विच हाताने काढायचा राहून गेला होता! अब्जावधीच्या उद्योगात एका स्विचमुळे लँडरला आपण जमिनीपासून किती वर आहोत हे नीट कळत नव्हतं. मग २ मार्च २०२५ ला फायरफ्लायचं ब्लू घोस्ट चंद्राच्या मारे क्रिसियम या सपाट भागात सरळ उभं उतरलं, नासाची १० उपकरणं घेऊन, आणि चंद्रावरचा उजेडाचा एक पूर्ण दिवस म्हणजे आपले १४ दिवस काम केलं. या फेरीसाठी नासाने साधारण १० कोटी डॉलर मोजले. मोठ्या सरकारी मिशनच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे.

असं का होतं ते टेस्टिंगच्या बाजूने सांगतो. यान उडण्याआधी थर्मल व्हॅक्यूम चेंबरमध्ये जातं. हवा काढून टाकायची, चेंबरच्या भिंती लिक्विड नायट्रोजनने गार करायच्या आणि दिवसेंदिवस यान गरम, थंड, परत गरम असं फिरवत राहायचं. यात जे दोष निघतात ते फार चिवट असतात. एखादा कनेक्टर पहिल्या दोन थंड सायकलला ठणठणीत असतो, नंतरच्या एखाद्या सायकलला पहाटे कधीतरी स्क्रीनवरचं एक रीडिंग नाहीसं होतं, तापमान थोडं वर आलं की ते आपोआप परत येतं आणि चेंबर उघडून बघाल तर काहीच सापडत नाही. सरकारी मिशनमध्ये अशा वेळी सगळं थांबतं, रिव्ह्यू बसतो, कनेक्टर कापून मायक्रोस्कोपखाली बघतात, त्यात आठवडे जातात. खाजगी ग्राहक बहुतेकदा विचारतो की याला पर्यायी वायर आहे का, असेल तर पुढे चला, लाँचची तारीख हलणार नाही. मला दोन्ही पद्धती पटतात पण आपापल्या जागी. दोन आठवडे चालायच्या स्वस्त लँडरला दुसरी पद्धत योग्यच आहे, पडला तर पुढचा पाठवू. जिथे दुसरी संधीच नाही तिथे ती चालत नाही.

आणि दुसरी संधी नसणारी कामं म्हणजेच खरं संशोधन. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा सनशील्ड, म्हणजे ऊन अडवणारा पडदा, टेनिस कोर्टएवढा, पाच थरांचा, घडी घालून पाठवलेला आणि वाटेत उलगडलेला. त्या अख्ख्या दुर्बिणीत ३४४ अशा जागा होत्या की तिथे एक गोष्ट बिघडली तर मिशन संपलंच असतं, दुरुस्तीला जायची सोय नाही, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. कल्पनेपासून उड्डाणापर्यंत २५ वर्षं, खर्च १० अब्ज डॉलर, आणि मिळणारी वस्तू काय, तर पहिल्या आकाशगंगांचा प्रकाश. कुठला गुंतवणूकदार थांबेल इतकं, आणि शेवटी विकणार काय, कोणाला?

लोक म्हणतात खनिजं आहेत ना लघुग्रहांवर. बघा काय झालं. प्लॅनेटरी रिसोर्सेस कंपनी मोठे मोठे गुंतवणूकदार घेऊन आली आणि २०१८ मध्ये एका ब्लॉकचेन कंपनीने ती विकत घेतली, डीप स्पेस इंडस्ट्रीजही पुढे दुसऱ्या कंपनीत गेली. अ‍ॅस्ट्रोफोर्जचं ओडिन फेब्रुवारी २०२५ मध्ये निघालं आणि संपर्क तुटला. त्यांच्या हिमतीची मला मनापासून कदर आहे, पण आजवर लघुग्रहावरून जी काही माती आली ती सगळी सरकारी यानांनी आणली, मुख्यतः जपानच्या हायाबुसा २ ने ५.४ ग्रॅम आणि नासाच्या ओसायरिस-रेक्सने १२१.६ ग्रॅम. अब्ज डॉलरच्या वर खर्चून मूठभर माती. बाजारभावाने याला काडीचा अर्थ नाही, विज्ञानाच्या हिशोबाने ही माती अनमोल आहे.

याहून बोलकं उदाहरण बी६१२ फाउंडेशन या खाजगी संस्थेचं. पृथ्वीवर आदळू शकतील असे लघुग्रह शोधायला सेंटिनेल नावाची अवकाश दुर्बीण देणग्यांमधून उभी करायची असं त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं. माणसं उत्तम, हेतू उत्तम, फायदा तर अख्ख्या मानवजातीचा. पण पैसे जमले नाहीत, २०१५ मध्ये नासाने त्यांच्यासोबतचा करार संपवला आणि आता तेच काम निओ सर्व्हेयर नावाने सरकारी पैशातून होतंय. सगळ्यांच्या उपयोगाची गोष्ट असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी देईल, आणि कोणीच देत नाही. टॅक्स असतो तो याच कामासाठी.

मग देणगीदारांना जागाच नाही का? आहे, आणि जुनी आहे. सरकारं अवकाशाकडे वळायच्या कितीतरी आधी श्रीमंत माणसं दुर्बिणींना पैसे देत होती. जेम्स लिकने ७ लाख डॉलर ठेवले, त्यातून १८८८ मध्ये कॅलिफोर्नियाची लिक वेधशाळा सुरू झाली, त्याला त्याच दुर्बिणीखाली पुरलंय. रॉबर्ट गोडार्डच्या रॉकेट प्रयोगांना १९३० मध्ये गुगेनहाइम कुटुंबाने हात दिला तेव्हा सरकारला त्यात काही रस नव्हता. अलीकडचं, माझं आवडतं उदाहरण चिलीमधली रुबिन वेधशाळा. सरकारी मंजुरी यायला वर्षं लागणार होती पण आरसा ओतायला घेणं तर आधीच गरजेचं होतं, तेव्हा जानेवारी २००८ मध्ये सॉफ्टवेअर उद्योजक चार्ल्स सिमोनी यांच्या फंडाने २ कोटी आणि बिल गेट्सने १ कोटी डॉलर दिले. आरशाचं काम सुरू झालं, मोठा सरकारी पैसा मागून आला, आणि २०२५ मध्ये पहिली चित्रं आली. माझ्या मते देणगीचा पैसा असाच वापरावा, जिथे सरकारी फाइल अजून हलत नाही तिथे पहिली उडी घ्यायला. प्लॅनेटरी सोसायटीचं लाइटसेल २ तर सुमारे ७० लाख डॉलरमध्ये हजारो सामान्य लोकांच्या वर्गणीतून उडालं आणि सूर्यप्रकाशाच्या दाबावर कक्षा बदलता येते हे त्याने दाखवून दिलं. रक्कम छोटी पण नेमक्या जागी लागलेली.

पुढचं चित्र मला कसं दिसतं ते एका मिशनवरून सांगतो, युरोपा क्लिपर. गुरूच्या चंद्राच्या बर्फाखाली समुद्र आहे का आणि तिथे जीवसृष्टीला पोषक असं काही आहे का हे बघायला निघालेलं यान. आधी ते एसएलएसवर जाणार असं कायद्यातच लिहिलेलं होतं, नंतर ती अट निघाली, यान फाल्कन हेवीवर गेलं आणि नासाच्या अंदाजाने २ अब्ज डॉलर वाचले. इथवर खाजगीची बाजू. आता दुसरी बाजू. मे २०२४ मध्ये, लाँचला पाच महिने असताना, कळलं की यानातले ट्रान्झिस्टर समजलं होतं त्यापेक्षा कमी रेडिएशनला बिघडू शकतात. यान जवळपास जुळून तयार, ट्रान्झिस्टर सगळीकडे पसरलेले, काढायचे तर मिशन कितीतरी लांबलं असतं. सरकारी प्रयोगशाळांच्या लोकांनी चार महिने दिवसरात्र टेस्ट केल्या आणि सिद्ध केलं की यान प्रत्येक फेरीत रेडिएशनच्या पट्ट्यातून बाहेर आलं की ते ट्रान्झिस्टर थोडं गरम करून बऱ्यापैकी सावरतात. १४ ऑक्टोबर २०२४ ला यान उडालं, २०३० मध्ये पोचेल. हे ज्ञान बाजारात विकत मिळत नाही. गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओसारख्या जुन्या मिशनपासून दशकानुदशकं जपलेल्या टीम्समधून ते येतं.

माझी खरी काळजी इथेच आहे. सरकारी संस्था फक्त कंत्राटं देणारं ऑफिस झाली, स्वतःच्या हाताने काही बनवणं बंद झालं, की दहा-पंधरा वर्षांत तिथे असे लोकच उरत नाहीत ज्यांना विक्रेता काय सांगतोय ते खरं की खोटं हे कळेल. स्टारलायनर रिकामं परत आणायचा निर्णय नासा घेऊ शकली कारण थ्रस्टरचा डेटा वाचून कंपनीशी असहमत व्हायची कुवत असलेले इंजिनिअर तिच्याकडे होते. कंपनीचं म्हणणं यान सुरक्षित आहे असंच होतं.

आणखी काही गोष्टी आहेत ज्यांचा कोणी उल्लेख करत नाही. सूर्यापासून फार लांब, गुरूच्याही पलीकडे जायचं तर यानाला विजेसाठी प्लुटोनियम २३८ लागतं, ते सरकारच बनवतं. लांबच्या यानांशी बोलायला गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या ७० मीटरच्या डिश लागतात, त्याही सरकारी, आणि आधीच कामाने तुंबलेल्या. कायदाही बघा, १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमाप्रमाणे खाजगी कंपनीने अवकाशात काहीही केलं तरी जबाबदारी तिच्या देशाची. २०१९ मध्ये बेरेशीट हे इस्रायलचं खाजगी पैशाचं लँडर चंद्रावर आदळलं आणि नंतर कळलं की त्यात एका संस्थेने गाजावाजा न करता हजारो टार्डिग्रेड, म्हणजे ते सूक्ष्म चिवट जीव, ठेवले होते. चंद्रावर त्याने फार काही बिघडलं नाही, पण मंगळावर जीवसृष्टीचा शोध सुरू असताना कोणी असं केलं तर? ती चूक परत पुसता येणार नाही. इथे परवानगी आणि तपासणीचे नियम सरकारांनीच कडक करायला हवेत आणि ते आत्ताच करायला हवेत.

खाजगी बाजूला एक गोष्ट मात्र खरोखर नवी घडलीय, ती म्हणजे स्पेसएक्सची स्टारलिंक, उपग्रहांवरून इंटरनेट देणारी सेवा. कंपनीकडे आता सामान्य ग्राहकांकडून येणारं स्वतःचं उत्पन्न आहे आणि त्यातून स्टारशिपसारखं प्रचंड रॉकेट बनवण्यात पैसा घातला जातोय, सरकारी कंत्राटाची वाट न बघता (चंद्रावर उतरायच्या आवृत्तीसाठी नासाने २.८९ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं ते वेगळं). हे चाललं तर शंभर टन एका फेरीत जातील आणि मग यानं बनवायची आमची सगळी पद्धतच बदलेल, कारण आज आम्ही एकेका ग्रॅमसाठी भांडतो आणि बराच खर्च वजन कमी करण्यातच जातो. जड, साधी, ढोबळ यानं बनवता आली तर विद्यापीठांनासुद्धा गुरू-शनीपर्यंत काहीतरी पाठवता येईल. मला या शक्यतेचं फार आकर्षण आहे. पण एका माणसाच्या मर्जीवर आणि एका कंपनीच्या ताळेबंदावर माणसाचं मंगळावर जाणं अवलंबून असावं हे मला पटत नाही.

स्पेस स्टेशनचं बघाल तर सध्याचं स्टेशन २०३० नंतर खाली आणायचंय, ते खेचून समुद्रात पाडणारं यान बनवायचं काम स्पेसएक्सकडे आहे, आणि त्याजागी खाजगी स्टेशनं येतील अशी योजना आहे. तिथे नासाशिवाय पुरेसे ग्राहक मिळतील का, मला शंका आहे.

आता तुमच्या टॅक्सच्या प्रश्नावर. २०२५ मध्ये व्हाइट हाउसने पुढच्या वर्षासाठी नासाचं विज्ञानाचं बजेट जवळजवळ निम्म्याने कापायचा प्रस्ताव मांडला होता, त्यात न्यू होरायझन्स आणि जुनोसारखी चालू स्थितीतली यानं बंद करायचंही होतं. अमेरिकी संसदेने तो मान्य केला नाही, पण असे प्रस्ताव परत येणार, आणि दरवेळी कारण म्हणून सांगितलं जाणार की खाजगी क्षेत्र आहेच की. न्यू होरायझन्स २००६ मध्ये निघालं, २०१५ मध्ये प्लुटोजवळून गेलं, आज त्या भागात दुसरं तसं यान नाही आणि ते बंद केलं तर परत तिथे पोचायला तेवढीच वर्षं लागतील. ते चालू ठेवायला कुठलीच कंपनी पैसे देणार नाही, का द्यावेत तिने. त्यामुळे स्वस्त खाजगी रॉकेटमुळे जो पैसा वाचतो तो सरकारने खिशात न घालता दुर्बिणी, लांबची यानं, लघुग्रहांचा शोध आणि त्या सगळ्याचा खुला डेटा याच्यावर घालावा, एका क्लिपरच्या जागी दोन पाठवावीत, आणि प्रयोगशाळांमधली माणसं टिकवावीत. माझं मत विचाराल तर टॅक्सचा पैसा इथे आजच्यापेक्षा कमी नाही, जास्त लागायला हवा.